चौथ्या फुग्याखालचं जातं

बोट पाण्यात सोडण्याआधी मी एकोणीस गोष्टी बघते. पहिली, तळाचं बूच. बोट बाहेर काढली की पोटात साचलेलं पाणी सोडून द्यायला ते उघडतात, आणि दुसऱ्या दिवशी घाईत लावायचं राहून जातं. नवशिक्यांच्या बोटी बहुतेक अशाच बुडतात. दुसरी, पेट्रोलचा वास. इंजिनाचं झाकण उघडायचं, आतला पंखा पाच मिनिटं चालवायचा, मगच किल्ली फिरवायची. तिसरी, इंजिनाला गार पाणी ओढून देणारी रबरी चक्री. तिची एक जरी पाकळी तुटली तरी ती बदलायची. असं करत करत एकोणिसाव्यापर्यंत, म्हणजे दोर बांधायच्या खांबाच्या बोल्टपर्यंत, यायचं. त्या खांबावर माणसाचा जीव असतो.

प्रत्येक गोष्टीपुढे वहीत खूण करायची. नियम एकच: हात लावल्याशिवाय खूण नाही. कुणी कितीही सांगो.

धरणावरच्या आमच्या बोटघरात या नियमाची चेष्टा व्हायची. बोट चालवणारे चाचा मूळचे नांदेडचे. गोदावरीत डिझेल इंजिनांच्या होड्या दुरुस्त करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ते म्हणायचे, "बाई, तुमी लई शक करता. मशीन हाय ती, चोर न्हाई."

"चोर परवडला चाचा. त्याला पकडता तरी येतं."

"हाव. अन् मशीनला?"

"मशीनला विचारावं लागतं. रोज."

मी तिथे पोचले ती लातूरच्या एका क्लासमुळे. क्लास फिजिक्सचा होता, आणि त्याचे सर इतके चालले की क्लासमागून वसतिगृह आलं, वसतिगृहामागून मेस आणि मेसमागून कोठी. कोठी माझ्याकडे होती, संध्याकाळची हजेरीही. मुली नुसत्या "हजर" म्हणाल्या तर मी खूण करत नसे. प्रत्येकीचं तोंड बघायची. त्यांनी माझं नाव कॅमेरा ठेवलं होतं. पुढे सरांनी धरणाच्या काठाला जागा घेतली, दोन बोटी आणल्या आणि सुट्टीत मुलांना फिरवायला जलक्रीडा केंद्र काढलं. "ताई, तिथली शिस्त तुम्ही बघा," ते म्हणाले. मला पोहता येत नव्हतं. इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण सामान, यादी आणि वेळ या तिन्ही गोष्टी कळत होत्या. बाकीचं चाचांनी शिकवलं.

स्लालम आमच्याकडे आलं सरांच्या मुलीमुळे. ती पुण्यात शिकत होती आणि एका पट्टीवर, म्हणजे स्कीवर, उभी राहून बोटीमागे पाण्यावर घसरायला तिथेच कुठेतरी शिकली होती. बोट मधून सरळ जाते. दोन्ही बाजूंना तीन-तीन नारिंगी फुगे असतात. दोराची मूठ धरून स्कीवाल्यानं आळीपाळीनं त्या सहांना बाहेरून वळसा घालायचा. बोटीची वाट दाखवायला मधे आणखी सोळा छोटे फुगे. एकूण बावीस, आणि सगळे आपापल्या रेषेत, ठरल्या अंतरावर. ते हलले की सगळा खेळ वाकडा.

फुगे जागेवर राहायला खाली वजन लागतं. सर सिमेंटचे ठोकळे पाडून घेणार होते. मीच म्हणाले, "जाती आणा. वरच्या दगडाला भोक तयार असतं, दोर ओवायचा आणि सोडायचं."

आमच्या भागात हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. भूकंपानंतर गावं नव्या जागी वसली, जुनी गावठाणं तशीच राहिली. तिथे दगडांच्या ढिगांत जाती पडलेली असत. ती कुणी नेत नसे. ज्या घरात माणूस गेलं त्या घरचं जातं नव्या घरात न्यायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी नेलं नाही. आधी पत्र्याच्या शेडच्या तात्पुरत्या वस्तीत आणि नंतर नव्या गावांत पिठाची गिरणी आली, जात्याची गरजही संपली. सरांच्या माणसानं दोन-तीन गावठाणांतून ट्रॅक्टरभर आणली. त्यांत माझं गाव होतं. मला माहीत होतं. वहीत मी लिहिलं: जात्याचे वरचे दगड, नग बावीस. एवढ्या वर्षांनी ते आपल्याला शिवत नाही, असं मी धरून चालले होते.

आता माझ्या बहिणीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला कॉलेजात होते. सकाळी कुणाच्या तरी जीपमधून गावात पोचले, तेव्हा गाव नव्हतं, धूळ होती. आई अंगणात झोपलेली म्हणून वाचली होती, पण पाय मोडल्यानं तिला आधीच दवाखान्यात नेलं होतं. वडील शेतात राखणीला होते, ते बांधावर बसून होते आणि विचारलं तर बोलत नव्हते. शाळेपुढे मदतीला आलेल्या एका माणसानं मला वही दिली. "तुझं अक्षर चांगलं दिसतं. कोण सापडलं, कोण नाही, कोण गावाबाहेर आहे, लिही." मी लिहीत गेले. माझ्याहून तीन वर्षांनी लहान बहिणीचं नाव आलं तेव्हा चुलते म्हणाले, "ती काल औशाला मावशीकडं गेली. म्या सोता ष्ट्यांडाकडं जाताना बघितलं."

मी 'गावाबाहेर'च्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. पुढे खूण केली. मला इतकं बरं वाटलं की मी दोन वेळा खूण केली.

दुपारी खणणारी पोरं आमच्या घराच्या ढिगाशी आली. "या घरात कोण राहिलंय का?" त्यांनी विचारलं. मी वही बघितली. "कुणी नाही," म्हणाले. ती पुढच्या घराकडे गेली.

संध्याकाळी औशाहून मावशीचे यजमान आले. एकटेच. "पोरी कुठंत?" म्हणाले. पोरी, असं. आम्ही दोघी.

तिची एसटी चुकली होती. ती परत आली होती. जात्याच्या कोपऱ्यात सापडली. डॉक्टर म्हणाले, लगेच गेली असणार, तिला काही कळलंही नसेल. त्या दिवसांत डॉक्टर सगळ्यांना हेच सांगत होते.

वहीतली ती जोडखूण मला अजून दिसते. पत्र्याच्या शेडमध्ये सगळे भांड्यावर उलटा पेला ठेवून झोपत, जमीन हलली तर तो पडून आवाज व्हावा म्हणून. आता कुणी ठेवत नाही. मी ठेवते. बोटघरातही माझ्या टेबलावर तांब्या असतो आणि त्यावर उलटा पेला. इंजिन सुरू झालं की तो किणकिणतो. दर वेळी मी आधी खाली बघते, मग बोटीकडे.

त्या दिवशी पाहुणे येणार होते. क्लासच्या गुणवंत मुलांचे आईबाप, गावातली मोठी माणसं. सरांना मुलीचा खेळ दाखवायचा होता. काठावरून नीट दिसावं म्हणून आदल्या दिवशी फुग्यांची सगळी रांग काठाकडे सरकवली होती. चाचांनी बावीस दोर एकाच मापाचे कापले होते, पाण्यापेक्षा हातभर लांब.

सकाळी सरांची मुलगी स्की घेऊन माझ्यापुढे बसली. पायाच्या बुटाची जागा पट्टीच्या शेपटापासून मोजायची असते, खालच्या पात्याचे स्क्रू आवळायचे असतात. मी तीन वेळा मोजलं.

"मावशी, तुमची यादी माझ्या फिजिक्सच्या नोट्सपेक्षा लांब आहे."

"त्या नोट्स चुकल्या तर मार्क जातात."

"आणि यादी चुकली तर?"

मी स्क्रू आवळला. ती सतरा-अठराची असावी. हसली की एका गालावर खळी पडायची.

यादीत सर्वांत शेवटी मी स्लालमसाठी वेगळी ओळ वाढवली होती: फुग्यांखाली पाणी किती. त्यासाठी बांबू घेऊन होडीतून प्रत्येक फुग्यापाशी जावं लागतं. तोवर पाहुण्यांच्या गाड्या आल्या होत्या. सर घड्याळ बघत होते.

"चाचा, पाणी मोजलं?"

"मोजलं की. पयल्या फुग्याला दोन परस, शेवटल्याला दोन परस." दोन परस म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं.

"मधले?"

"मधी काय डोंगर हाय का बाई? सपाट रान होतं ते."

"ताई, चला," सर म्हणाले. "मंडळी उन्हात बसलीत."

मी खूण केली.

मुलगी पाण्यात उतरली. चाचांनी बोट सावकाश पुढे घेतली, दोर ताणला, आणि ती उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेबलावर पेला किणकिणत होता. पहिली फेरी सरावाची होती, फुग्यांबाहेरून न जाता नुसती मधून. बोट टोकाला वळली. मी वही हातात धरून फुगे मोजत होते, सवय म्हणून. एकवीस फुगे ताठ उभे होते. वळशाच्या सहांतला चौथा नव्हता. तो आडवा पडून वाऱ्याबरोबर दोन परस इकडे, दोन परस तिकडे फिरत होता.

दोर सगळे एका मापाचे. मग याचाच एवढा ढिला का? दोर लांब नाही, पाणी कमी आहे. तिथे खाली काहीतरी वर आलेलं आहे. आणि ती त्याच फुग्याशी अंग झुकवून, पाण्याला खांदा लावून वळणार आहे.

लाल निशाण माझ्या टेबलाशी असतं. मी ते उचललं आणि काठाकडे पळाले.

"अहो, काय झालं?" सर मागून ओरडले. "एक फेरी तर होऊ द्या!"

बोट रांगेत शिरली होती. पहिला फुगा तिनं घेतला. दुसरा घेतला. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून निशाण हलवत होते. चाचांनी ते बघितलं. आमच्यात ठरलेलं होतं: निशाण दिसलं की कारण विचारायचं नाही. त्यांनी इंजिन बंद केलं. दोर सैल झाला आणि मुलगी तिसऱ्या फुग्यापलीकडे हळूहळू पाण्यात बसली.

ती चिडली होती. "मावशी, माझी लय लागली होती!"

सरांचा चेहरा मी बघितला. सर्वांदेखत असं झालं होतं.

मी होडीत बसले. पोहता येत नसलेली बाई, अंगात जाकीट, हातात बांबू. चाचा वल्हवत होते. चौथ्या फुग्यापाशी मी बांबू खाली सोडला. तो हातभर जाऊन टक्‌ वाजला.

चाचांनी स्वतः बांबू घेतला आणि आजूबाजूला ठोकून बघितलं. दगडच दगड. शेताबरोबर पाण्याखाली गेलेल्या एका विहिरीचं उंच बांधलेलं थारोळं होतं ते, मोटेचं पाणी ओतायचं. त्याच्या माथ्यावर आम्हीच टाकलेलं जातं बसलं होतं.

चाचांनी बांबू होडीत आडवा ठेवला. मग हळू म्हणाले, "माझी चूक हाय बाई."

"खूण माझी आहे," मी म्हणाले.

मुलगी पोहत होडीपाशी आली, एका हातानं काठ धरून तिनं पाय खाली सोडला. पाय दगडाला लागला तसा तिनं तो झटकन वर घेतला. मग तिनं माझं मनगट धरलं. तिचे हात गार होते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

जातं आम्ही वर ओढलं. गाळ धुतला. आमच्या घरच्या जात्याची कड एका ठिकाणी उडालेली होती. बहिणीनं लहानपणी त्यावर खलबत्ता पाडला होता. मी बोट फिरवत गेले. एका ठिकाणी कड उडालेली होती. पण ट्रॅक्टरमध्ये फेकताना, ढिगातून काढताना, कुठल्याही जात्याची कड उडते. मी पुन्हा बोट फिरवलं. खोबण माझ्या बोटाला ओळखीची वाटली, आणि दुसऱ्या खेपेला वाटली नाही.

"तुमचं हाय का?" चाचांनी विचारलं. बहिणीचं त्यांना माहीत होतं.

"माहीत नाही."

"मंग लिवा तसंच."

पाहुणे चहा पिऊन गेले. सर दोन दिवस माझ्याशी तुटकपणे बोलले. तिसऱ्या दिवशी ते एकटेच होडीतून जाऊन बांबू टाकून आले, आणि त्यानंतर त्यांनी मला कधी घाई केली नाही. रांग परत खोल पाण्यात नेली. बावीसच्या बावीस फुग्यांखाली मी स्वतः बांबू टाकला. त्या दिवशीची चुकीची खूण मी खोडली नाही. तिच्यापुढे लिहिलं: न बघता केली.

खाली दुसरी ओळ लिहिली: चौथ्या फुग्याचा दगड बदलला. जुना दगड बोटघरात ठेवला. कुणाचा, माहीत नाही.

जातं माझ्या टेबलाखाली आहे. पेला आता तांब्यावर नाही, जात्यावर उलटा असतो. सकाळी चाचा इंजिन सुरू करतात, पेला दगडावर किणकिणतो, आणि वही उघडण्याआधी मी खाली बघते.