आरशांसाठी ग्राफिक्स कार्ड

नजर अधू झाल्याने अप्पांची बस ड्रायव्हरची नोकरी सुटली, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम खेळायचं ठरवलं. पैसे बेताचे होते. कॉम्प्युटरच्या दुकानात लेक म्हणाली, "कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, साधं घेऊ. चित्र पळवतं ते ग्राफिक्स कार्ड, ते चांगलं घेऊ." पण रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट अप्पांच्या मनात भरलं होतं. "गाडी बाहेरून नेटकी हवी," ते म्हणाले. मग कार्ड सगळ्यात स्वस्तातलं आलं.

घरी बस अडखळत चालू लागली; आरशांतलं मागचं चित्रही पळवणं त्या कार्डाला झेपेना. लेकीने गेममधले आरसे बंद केले, तशी बस सुरळीत धावायला लागली. अप्पांनी हात मांडीवर ठेवले.

"आरशांशिवाय मी गाडी काढत नाही."

"अप्पा, मागे खरं कुणी नाहीये."

"ते आरशात बघितल्याशिवाय कसं कळणार?"

आई आतून म्हणाली, "आता ते हलायचे नाहीत. ते कॅबिनेट बदलून आण."

दुसऱ्या दिवशी पत्र्याचं साधं कॅबिनेट आणि वरच्या दर्जाचं कार्ड आलं. आरसे लागले. अप्पांनी बस स्टँडबाहेर काढली. आरशात मागून येणारी गाडी दिसली.

"बघ, आहे की नाही कुणी," असं म्हणून त्यांनी तिला आधी जाऊ दिलं.