ठरावाच्या दिवशी अडलेली गाय

दुबईच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. माणसे अब्रा नावाच्या होडीने ये-जा करत. साठचे दशक नुकतेच सुरू झाले होते आणि मी खाडीकाठच्या देरा भागातल्या एका पेढीत टायपिस्ट होतो. गोड्या पाण्यासाठी विहिरी खोदणारा एक अमेरिकन दर शुक्रवारी खाडी ओलांडून माझ्याकडे येई. त्याला आपल्या खापरपणजोबांचे चरित्र टाइप करून हवे होते.

खापरपणजोबा शेतकरी होते, आणि त्यांच्या राज्याच्या सुरुवातीच्या विधिमंडळाचे सभासदही. नदीवरच्या पुलाचा ठराव त्यांच्या एका मताने मंजूर झाला, असे घरात सांगत. अमेरिकनाची आई नव्वदीची होणार होती. चरित्र टपालाने घरी पाठवून वाढदिवसाला तिला ते वाचून दाखवायला सांगायचे होते.

सोबत खापरपणजोबांच्या डायरीचे फोटो होते. मी ते खोलीवर नेऊन मामूंना मराठीत वाचून दाखवी. मामू दापोलीकडचे, आमच्या खोलीचा स्वयंपाक त्यांच्याकडे.

“आमदार, आणि स्वतः शेण काढतो?” त्यांना मोठी गंमत वाटे.

एका दुपारी मी तारखेसकट नोंद वाचली: ‘गाय अडली. दिवसभर गोठ्यात. वासरू मेलेले निघाले.’

मामूंची सुरी कांद्यावर थांबली. “ही तर पुलाच्या मताची तारीख. काल तूच चरित्रातून वाचलीस.”

“तारीख चुकली असेल.”

“भाच्या, अडलेली गाय टाकून कोण मिटिंगला जातो? आणि राजधानी घोड्यावरून दोन दिवस लांब!”

मी चरित्राची आणि डायरीची पाने ताडून पाहिली. मामूंचे बरोबर होते.

शुक्रवारी अमेरिकनाने ती नोंद दोनदा वाचली. “आईला हे कसं ऐकवू? लहानपणापासून ती त्या मताबद्दल सांगत आली आहे. हे पान गाळ.”

मी कागद चढवला. तो खिडकीतून अब्राकडे पाहत राहिला.

“थांब,” तो म्हणाला. “मताच्या आधी ‘घरात असे सांगतात’ घाल. त्याखाली डायरी, आहे तशी.”

वाढदिवसानंतर आईचे पत्र आले. पुलाबद्दल एक अक्षर नव्हते. तिने विचारले होते, गाय वाचली का?

मामूंनी मला पुढचे एकेक पान वाचायला लावले. पाऊस, सरपण, आजारी शेजारी. वासरू गेल्यानंतरच्या अकराव्या दिवसाच्या नोंदीत गाईची ओळ सापडली.

“जगली!” मामू ओरडले. “उठ, यल्ला, चल लवकर, त्याला सांग.”

त्याने आईला तार केली. मजकूर मीच टाइप करून दिला, डायरीतली ओळ आहे तशी: ‘गाईने कुंपण मोडले.’