बेडवरचा खड्डा
ग्राइंडिंग मशीनवर घासून निघणारा तुकडा, म्हणजे जॉब, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघत होता. प्लांट हेडनं मला, मेंटेनन्सच्या इंचार्जला, बोलावलं.

"किती दिवस?"

"बेड घासावा लागेल. आठ दिवस."

मशीनचं टेबल ज्या पट्ट्यांवर सरकतं, तो बेड. झिजला की हातानं सपाट करायचा. सपाट प्लेटला निळा रंग लावून ती बेडवर फिरवायची. रंग लागला तिथं उंचवटा. तेवढाच पापुद्रा स्क्रेपरनं काढायचा. चितेगावच्या आमच्या कारखान्यात हे एकट्या रशीदभाईंना येई, आणि ते चार महिन्यांत रिटायर होणार होते.

त्यांच्या हाताखाली मी आयटीआय झालेली दोघं दिली. करमाडची कोमल आणि अक्षय. अक्षय तोंडावरच म्हणाला, "सर, सीएनसीच्या जमान्यात हे घासणं शिकून काय करू?" मी त्याला परत पाठवलं.

रशीदभाई कोमलला नुसता कपडा धरायला लावत होते. मी म्हणालो, "शेवटचा हातभर भाग तिला द्या."

"बिगड़ गया तो, साहब?"

"मी बघतो."

दुसऱ्याच दिवशी बिघडलं. स्क्रेपर खोल रुतला. कोमल माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "सर, माझ्याकडनं खड्डा पडला. मला दुसरं काम द्या."

मी तिला घेऊन मशीनवर गेलो. रशीदभाईंनी खड्ड्यावरून अंगठा फिरवला. आता खड्ड्याच्या खोलीपर्यंत सगळी पट्टी घासून उतरवावी लागणार होती.

"बेटा, ज़ोर हाथ से नहीं, कमर से," ते म्हणाले. "मेरे से तो इससे लई बड़ा गड्ढा पड़ा था. चल, पकड़."

त्यांनी तिच्या हातांवर हात ठेवले.

आठाचे अकरा दिवस झाले. प्लांट हेडची बोलणी मी खाल्ली. ती पट्टी मात्र कोमलनं उतरवली, रशीदभाई शेजारी स्टुलावर बसून सांगत राहिले. बाराव्या दिवशी जॉब दोन्ही टोकांना सारखा निघाला. कोमलनं तो तीनदा मोजला. जेवणाच्या सुट्टीत अक्षय बेडजवळ वाकून बघत होता. "मला पण जमंल का?" त्यानं तिला विचारलं, मला नाही.

रशीदभाई रिटायर झाले तेव्हा कोमल आणि अक्षय, दोघांचेही हात बऱ्यापैकी बसले होते. त्या खड्ड्याआधी वर्षभर मी पोरांना 'शिका, शिका' म्हणत होतो. बिघडू शकेल असं काम मात्र एकदाही कुणाच्या हातात दिलं नव्हतं.