बारशाला निघालेली आत्या

आमच्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते. बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणतात. मग आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्रर्र करते, आणि तिनं डोकं वर काढायच्या आत जमलेल्या बाया तिच्या पाठीत दणादण गुच्चे घालतात. गुच्चे जितके जोरात तितका आत्याचा मान मोठा. आमच्या जळकोटच्या गल्लीत मी कितीतरी आत्यांना बुकलून काढलंय. माझी पाठ मात्र कोरीच राहिली होती, कारण मला एकच भाऊ, आणि त्याला मूल झालं ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी.

भाऊ माझ्याहून पुष्कळ लहान. पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. पळी हातातच राहिली. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी म्हणाले, "आई आली रं परत. तिचंच नाव ठेवू."

"ठेव की आक्का," तो म्हणाला. "नाव तूच ठेवायचं. तुझ्याशिवाय कोण ठेवणार?"

हे शब्द त्याचे आहेत, मी पदरचं काही घातलेलं नाही. त्या शब्दांवर मी आईच्या जुन्या इरकलीचा काठ काढून बाळाला कुंची शिवली. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. शेजारची काकू म्हणाली, "पाठ शेकून घेऊन ये, लई मारत्यात शहरातल्या बाया." तिला शहरातल्या बायांचं काय ठाऊक होतं कोण जाणे.

बारशाच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. "आक्का, घाई करू नको. सकाळच्या गाडीनं निघ. पाळणा संध्याकाळी आहे. मला न्यायला यायला जमणार नाही, घरात पाहुणे आहेत. स्वारगेटला उतरलीस की बाहेरून सिटी बस धर." त्यानं बसचा नंबर सांगितला, स्टॉप सांगितला. मी दोन्ही तळहातावर पेनानं लिहून घेतलं, मग भांडी घासताना पुसलं जाईल म्हणून पुन्हा मनगटावर लिहिलं.

सकाळी जळकोटहून सोलापूरला आले, तिथून पुण्याची गाडी मिळाली. टेंभुर्णीच्या पुढं एका ढाब्यावर गाडी थांबली. मी चहा घेऊन एका बाजूला उभी राहिले आणि ओठातल्या ओठात नाव म्हणून बघितलं. कुर्रर्र करताना माझी जीभ अडखळते, लहानपणापासून. तिथं उभ्या उभ्या चार वेळा केलं. चहा देणारा बघायला लागला तेव्हा गप्प बसले.

स्वारगेटला उतरले आणि माझं सगळं शहाणपण संपलं. आमच्या एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की ती जागा आपली. मग तुम्ही खुशाल पाणी पिऊन या, कुणी रुमालाला हात लावत नाही. मी सिटी बसमध्ये चढले, बायकांच्या सीटवर रुमाल ठेवला आणि खाली उतरून पाण्याची बाटली घेऊन आले. तर त्या जागी कानात मोबाईलची बोंडं घातलेली एक मुलगी. तिनं माझा रुमाल दोन बोटांत धरून पुढं केला. "काकू, तुमचा रुमाल पडला होता." आता हिला काय सांगावं? मी दांडीला धरून उभी राहिले.

दुसरी गंमत कंडक्टरची. आमच्याकडं कंडक्टरला 'मास्तर' म्हणतात आणि गाव सांगून ठेवलं की काळजी मिटली. झोप लागली तरी मास्तर उठवतो, "आक्का, उतरा, आलं जळकोट." तशीच मी इथल्या मास्तरांना स्टॉपचं नाव सांगून ठेवलं. "मास्तर, नव्या मानसाला कळत न्हाय. आलं की सांगा बरं." ते हो म्हणाले. चांगले माणूस होते. पण अर्ध्या वाटेत त्यांची ड्यूटी संपली आणि ते दुसऱ्या दारानं उतरून गेले. त्यांच्या जागी दुसरे आले, हे मला कळलंच नाही. मी आपली बाहेरच्या उंच इमारती बघत, कुंचीची पिशवी पोटाशी धरून, हाक येईल म्हणून वाट पाहत राहिले. हाक आलीच नाही. शेवटचा स्टॉप आला, बस रिकामी झाली, आणि नवे मास्तर म्हणाले, "मावशी, उतरा आता. तुमचा स्टॉप केव्हाच मागं गेला."

मला रडू आलं. उलट्या दिशेची बस, मग पुन्हा चुकीच्या बाजूला उतरणं, मग रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात धरणं. भावाला फोन लावला तर उचलत नव्हता. पाहुण्यांच्या गडबडीत असेल, असं मीच त्याच्या वतीनं मला सांगितलं. इमारतीपाशी पोचले तेव्हा दिवे लागले होते.

दार भावानं उघडलं. त्याचा चेहरा बघूनच कळलं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, पण माना टाकलेल्या. पाहुणे गेले होते. बाळ झोपलं होतं.

"लई वाट बघितली आक्का," तो म्हणाला. "मग पाहुणे थांबेनात. उरकलं शेवटी."

"कुनी ठेवलं नाव?"

"हिच्या मैत्रिणीनं."

नाव आईचं नव्हतं. दोन अक्षरांचं काहीतरी होतं. मी अर्थ विचारला तर भावजयीनं मोबाईलमध्ये बघून सांगितला. ती मला म्हणाली, "ताई, मनाला लावून घेऊ नका. ट्रॅफिकच असतं इथं." आणि भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे आक्का. शहरातल्या बसचं असंच असतं. तुला सवय नाही."

मी काय केलं असेल? मी माफी मागितली. भावजयीची मागितली, भावाची मागितली. पाळण्याजवळ बसून त्या एवढ्याशा जिवाचीही मागितली, की बाई गं, तुझी आत्या अडाणी, तिला साधी बस कळली नाही. भावजयीनं वाटीत घुगऱ्या आणून दिल्या. थंड, कोरड्या, जराशा आंबूस. आयुष्यभर रांधणाऱ्या बाईला ती चव कळायला हवी होती. मी त्या गिळल्या. सगळा दोष मी स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, घुगऱ्यांची चव कुठून लागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ ऑफिसला गेला आणि मी परत निघाले. स्टॉपवर त्यांच्याच इमारतीतल्या एक बाई भेटल्या, पोक्त, बोलक्या. "स्वारगेटला ना? चला, मी आहे बरोबर," म्हणाल्या. बसमध्ये त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या पिशवीत तशीच राहून गेलेल्या कुंचीकडं बघून विचारलं, "बाळाच्या कोण तुम्ही?"

"आत्या."

"अगंबाई! आता बरं वाटतंय ना? काल बारशाला सगळे विचारत होते, आत्या कुठाय. तुमचा भाऊ म्हणाला, तिला बरं नाही, ती येणार नाही."

मला वाटलं त्यांची काहीतरी गल्लत झाली. मी म्हणाले, "आले हुते की. पन बस चुकली. संध्याकाळी पोचले तवर पाळणा झाला हुता."

"संध्याकाळी?" त्या हसल्या. "अहो, पाळणा सकाळी झाला. दुपारी जेवून आम्ही आपापल्या घरी झोपलोसुद्धा."

बस चालत होती. त्या पुढं जेवणाचं काहीतरी सांगत होत्या, जिलेबी पातळ होती की काय. मला ढाबा दिसत होता. मी तिथं चहाचा कप हातात धरून कुर्रर्र करायची सवय करत होते, त्याच वेळी इकडं कुणीतरी पाळण्यात वाकलं होतं. घुगऱ्या आंबणारच. झेंडू माना टाकणारच.

मला राग आला तो नावाचा नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. आईचं नाव जुनं आहे, ते भावजयीला नको असेल. मला तसं तोंडावर सांगायचं. मी भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि शेवटी कुंची घेऊन आलेच असते. ते दोन अक्षरांचं नाव मी त्या लेकराच्या कानात सांगितलं असतं. त्यानं मला नाही म्हणायचं धाडस केलं नाही. मला संध्याकाळ सांगितली, लोकांना आजार सांगितला, आणि मी माफी मागत होते तेव्हा खांद्यावर हात ठेवून ती ऐकून घेतली. त्या हाताची मला आजही किळस येते. मी बस चुकले नसते तर त्याला आणखी एखादी थाप मारावी लागली असती. माझ्या अडाणीपणाच्या आड तो लपून बसला, आणि ती जागा त्याला मीच झाडून दिली.

स्वारगेट जवळ आलं तेव्हा त्याचा फोन आला. "आक्का, बस नीट मिळाली ना? आज चुकू नको बरं."

"बस काल चुकली नसती तरी काय झालं असतं रं?" मी म्हणाले. "बारसं सकाळीच उरकलं हुतं."

मग "आक्का, ऐक ना," एवढं पलीकडून आलं. मी फोन पिशवीत टाकला. त्या बाईंना काय झालं ते कळलं असावं, कारण उतरताना त्यांनी माझी पिशवी घेतली.

जळकोटला पोचले तेव्हा काकू ओट्यावर बसूनच होती. मला बघून उठली. "आली गं आत्या! ठेवलं का आईचं नाव?"

गल्लीतल्या बाया जमायला लागल्या. मला खरं सांगायचं होतं. साऱ्या वाटेत शब्द जुळवले होते. पण त्या हसत हसत माझ्याकडं बघत होत्या, आणि माझ्या भावानं मला असं फसवलं हे त्यांच्यापुढं उच्चारायची मला लाज वाटली. लाज त्याला वाटायला हवी होती. मी मान डोलावली.

"मग? मारलं का न्हाय बायांनी?" काकूनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "दुखतीया का लई?"

"व्हय काकू," मी म्हणाले, "लई दुखतीया."