लूपमधले काका

माझ्या धाकट्या काकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती केली, असं कधी झालंच नाही. ती त्यांनी ‘एक्झिक्यूट’ केली. ते दाढी करत नाहीत, भाजी आणत नाहीत, काकूशी भांडतसुद्धा नाहीत. रूटीन मेंटेनन्स, प्रोक्युअरमेंट आणि हेल्दी डिस्कशन करतात. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की माझ्याकडेच यायचा, पण काकांचं इंग्रजी मलाही झेपायचं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात खोकी बांधता बांधता ते डिस्पॅचचे मॅनेजर झाले होते, आणि वर चढताना प्रत्येक पायरीवर पडलेला एकेक शब्द त्यांनी उचलून खिशात टाकला होता. खिसे भरल्यावर ते शब्द घरात सांडायला लागले.

‘लूपमध्ये ठेव’ हा त्यातला सगळ्यात लाडका. मी मैत्रिणीकडे निघाले की, “मला लूपमध्ये ठेव.” दूध उतू गेलं की, “मला लूपमध्ये का नाही ठेवलं?” काकू म्हणायची, “दुधाला सांगा. ते मलाबी न इचारताच गेलं.” गुलमंडीत साडी घेताना काका दुकानदाराला म्हणाले, “भाई, दोनों का विन-विन होना.” त्यानं मागच्या फळीवरचे गठ्ठे उपसून पाहिले आणि म्हणाला, “वो माल तो खतम हो गया साब. पैठणी बताऊं?” काकांनी गंभीरपणे मान हलवली. मी शेजारच्या दुकानातल्या बांगड्या पाहत असल्याचं सोंग घेतलं. आपल्या माणसाचं चारचौघांत मोठ्यानं बोलणं मला सोसत नाही. स्वतःचं तर नाहीच नाही.

अशा काकांनाच मी माझ्या मनातली गोष्ट सांगितली, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचा धीर होईना. लासूर स्टेशनचं एक स्थळ आलं होतं. मुलगा मला आवडला होता. पण औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरीही मला आवडत होती, आणि मुलाच्या आईनं ‘सून घरात असली की बरं’ असं मध्यस्थाजवळ बोलून ठेवलं होतं.

“काका, नोकरी सोडावी लागणार असेल तर मी नाही म्हणेन.”

काकांनी डोळे मिटले. “म्हणजे हे तुझं नॉन-निगोशिएबल.”

“हो.”

“डन. लीव्ह इट विथ मी.”

स्थळ बघायच्या बैठकीची आपली अशी एक भाषा असते, आणि ती काकांच्या भाषेहून कमी दिव्य नसते. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘आमचं काही म्हणणं नाही’. यातल्या एकाचाही अर्थ कुणी कुणाला विचारायचा नसतो. नोकरीचा विषय निघाला तसे मुलाचे वडील म्हणाले, “पुढचं पुढं बघू.” बाबांनी “तेही खरंच” म्हणून चहा पुढे केला. मी आशेनं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “हा मुद्दा आपण सध्या पार्क करू.” मुलाच्या वडिलांचे टेम्पो लासूरच्या मोंढ्यातून कांदा वाहतात, ते दचकून खिडकीबाहेर बघत म्हणाले, “काय झालं? आडवी लागली का आमची गाडी?” सगळे हसले, पोहे संपले, “कळवतो” झालं आणि पाहुणे उठले. माझी नोकरी तिथंच पार्क होऊन राहिली.

पाहुणे लासूरला पोचायच्या आत दोन्ही घरांच्या मोबाइलवर काकांचा मेसेज आला. आजच्या बैठकीचे मिनिट्स. ‘चहा: समाधानकारक. पोहे: मिठाबाबत सुधारणेस वाव. मुलगा-मुलगी: अलाइन्ड. ओपन पॉइंट: लग्नानंतर मुलीची नोकरी चालू राहणे. ओनर: वरपक्ष. ड्यू: सोमवार.’ काकूनं पोह्यांसाठी आणि बाबांनी उरलेल्या सगळ्यासाठी काकांशी अबोला धरला. धरण्याआधी बाबा एवढंच म्हणाले, “अरे, पोरीच्या सोयरिकीचं तू डिलिव्हरी चलन केलंस!”

“चलन नाय दादा, मिनिट्स. लिहिलं की माणूस मागाहून ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणत नाही.”

लासूरकडून काही उत्तर येईना. गेलं हे स्थळ, असं मी धरून चालले, आणि प्रयोगशाळेत एक बाटली फोडली.

सोमवारी मुलाच्या वडिलांचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

“जयभीम साहेब. ते ओनर का काय लिवलंय, ते मीच ना?”

“जयभीम. हो, आपणच.”

“मग लिहून घ्या. तुमचं ते वाचलं अन् आम्हाला घरात बसून बोलावं लागलं बघा. नायतर हे लग्न झाल्यावर भांडणातच निघालं असतं. पोरगी नोकरी करंल. सकाळच्या गाडीनं निम्मं लासूर शहरात जातंय, तिलाबी जाऊ द्या. आमची मंडळी म्हणती, डबा मी करीन.” मग फोन ठेवता ठेवता, “आन पोह्यात मीठ बरोबर व्हतं.”

“ऐकलं का?” काकू म्हणाली. अबोला सुटला.

काकांनी मिनिट्समध्ये ‘पॉइंट क्लोज्ड’ लिहून सगळ्यांना पुन्हा पाठवलं. पण लग्नात मी निघाले तेव्हा त्यांच्या खिशातून एकही शब्द निघेना. माझा हात धरून नुसते उभे राहिले. गाडी सुरू झाल्यावर काचेशी वाकून म्हणाले, “लूपमध्ये ठेव, माय.”

यंदा काका निवृत्त झाले. काकू सांगते, सकाळी चहा झाला की अजून फोन उघडून बघतात आणि मिटतात. मेल पाठवणारं कुणी राहिलं नाही. म्हणून लासूरहून गाडी सुटली की मी त्यांना एक ओळ पाठवते, ‘गाडी मिळाली. खिडकीजवळ जागा.’ दौलताबादचा किल्ला दिसायच्या आत उत्तर येतं, ‘नोटेड विथ थँक्स.’

परवा घाईत पाठवायचं राहून गेलं. गाडी शहरात शिरत होती तेव्हा त्यांचाच मेसेज आला, ‘जेंटल रिमाइंडर.’ ऑफिसात हे दोन शब्द दिसले की मला चीड येते. त्या दिवशी उतरण्याआधी मी ते पुन्हा एकदा वाचले.