उस्तादांचं खरं नाव

छावणीत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. तीस वर्षं त्यांनी कवायत शिकवली, शिव्या घातल्या आणि तापाने फणफणलेल्या नव्या जवानांच्या उशाशी बसून रात्री काढल्या. त्यांच्या खऱ्या नावावाचून कुणाचं काय अडलं होतं!

त्यांच्याच हाताखाली घडलेला एक जण आता त्याच छावणीत मेजर होता. सकाळी त्याच्यापुढे अर्ज आला. निवृत्त हवालदाराच्या अंत्यविधीला बिगूल वाजवणारा हवा होता. नाव काही ओळखीचं वाटेना. बड्या पाहुण्यांसाठी बँडची तालीम चालली होती, म्हणून मेजरने ‘माणूस उपलब्ध नाही’ असं लिहून झोकात सही ठोकली.

दुपारी कँटीनवाला म्हणाला, “साहेब, उस्ताद गेले. आत्ताच सगळं उरकलं.”

मेजर धावतपळत त्यांच्या घरी गेला. उस्तादांच्या बायकोने त्याला पाणी दिलं आणि तोच अर्ज हातात ठेवला.

“काकी, मला नाव...”

“हे शेवटपर्यंत सांगत होते,” काकी म्हणाल्या, “बिगुलाची काळजी करू नकोस, तिथे माझा पोरगा बसलाय.”