आईच्या नावाखालचे प्रश्न

माझ्या आईला इंटरनेटवरच्या त्या पानाने फसवलं ते मराठीत. इंग्रजीत असतं तर तिने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. तेलुगूत असतं तर 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' म्हणून पुढे सरकवलं असतं. पण मराठीत लिहिलेलं खोटं असू शकतं, हे तिला मान्यच नव्हतं.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. लग्न होऊन मराठवाड्यातून हैदराबादला आली तेव्हापासून पाट्या तेलुगू, शेजार तेलुगू, भाजीवाल्याशी हिंदी-उर्दूची खिचडी. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात मराठी वाचणारी ती एकटीच. मी इथल्या शाळेत शिकले. मराठी फाडफाड बोलते, पण वाचायला बसले की पहिलीतल्या पोरीसारखी अक्षराअक्षराला ठेचकाळते. हेसुद्धा फोनला बोलून लिहून घेतेय. आई मात्र नांदेडहून कुणी चिवडा बांधून आणला तर तो कागदही सरळ करून वाचायची. मग मी तिच्या फोनची भाषा मराठी करून दिली. बाईसाहेब नुसत्या हरखून गेल्या.

तिच्या हृदयाचे ठोके मधेच ताल सोडायचे. रक्ताची गाठ होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली होती, आणि मनाने बंद करायची नाही असं बजावलं होतं. बजावलं ते हिंदीत, घाईत, दारातल्या पुढच्या पेशंटकडे बघत. गोळीच्या खोक्यातला कागद म्हणजे मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. एक दिवस दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं, आणि तिने फोनला विचारलं.

फोनने ते पान काढून दिलं. गोळीचं नाव बरोबर, फोटो बरोबर, हिरड्यांतून रक्त येऊ शकतं हेही अगदी बरोबर. आणि त्याच सुरात पुढे: रक्त येतंय म्हणजे शरीर ही गोळी नाकारतंय, ती बंद करा, रोज सकाळी कच्चा लसूण खा, तेच काम होतं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तो डॉक्टर की वाणी याचा पत्ता नाही, कधी लिहिलं तेही नाही. वर मात्र ठळक अक्षरांत 'आपल्या माणसांसाठी, आपल्या भाषेत'. अस्सा संताप आला मला!

"आई, हा कोण सोम्यागोम्या? डॉक्टरांनी बंद करू नका म्हणून सांगितलंय ना?"

"डॉक्टर दोन शब्द तरी नीट बोलला का माझ्याशी? हे बघ, किती समजून सांगायलेत."

"थोतांड आहे सगळं."

"मग वाच की मोठ्यानं. दाखव कुठंय थोतांड."

मी वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत एका जोडाक्षराला अडले. ती हसली. "हौ, अन् मला शिकवायलीस! आधी वाचायला तर शीक बाई." मी फोन सोफ्यावर आपटला आणि बाल्कनीत जाऊन रडले. एवढं शिकले, बँकेत नोकरी करते, आणि सख्ख्या आईला एक गोळी गिळायला लावता येईना.

पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. हिरड्यांचं रक्त किरकोळ आहे, खरा धोका गोळी थांबवण्यात आहे, असं ते म्हणाले. तिने तिथे नंदीबैलासारखी मान हलवली आणि घरी येऊन लसूण सोलायला बसली. शेवटी मी गोळी कुटून आंबाडीच्या भाजीत कालवली. पहिल्याच घासाला तिला कळलं. ताट सरकवून म्हणाली, "पोटच्या पोरीनं जेवणात कालवाकालव करावी?" त्यानंतर ती स्वतःच रांधायची, मला ओट्याजवळ फिरकू देईना.

वर त्या पानाखाली तिने स्वतःच्या नावाने प्रतिक्रिया लिहिली आणि मला कौतुकाने दाखवली. कुणी आपल्या भाषेत काही दिलं की दोन शब्द कळवायचे, ही तिची जुनी रीत. 'फार छान माहिती. मराठीत दिल्याबद्दल आभार. मी गोळी बंद केली, आता हिरड्या बऱ्या आहेत.' हिरड्या खरंच बऱ्या झाल्या होत्या, हेच तर दुखणं.

मी त्या साइटकडे तक्रार केली. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं. पुन्हा केली, पुन्हा तेच. ते पान काढून देणाऱ्या फोनकडेच तक्रार करायला गेले तर कारणं निवडा म्हणे: अश्लील, हिंसक, जाहिरात. 'यामुळे माझी आई मरेल' असा पर्याय कुठेच नव्हता.

एका सकाळी चहा ठेवून तिला हाक मारली, ओ आली नाही. ती टेबलाशी बसली होती. समोर लसणाची सालं. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर लुळा पडलेला, डाव्या हातात सोललेली पाकळी तशीच. मी किंचाळले तेव्हा शेजारचे धावत आले.

हॉस्पिटलातून ती परत आली ती होकाराच्या एकाच शब्दानिशी. हौ. पाणी देऊ? हौ. दुखतंय का? हौ. नको म्हणायचं असलं की मान आडवी हलते, तोंडातून मात्र हौच येतं, आणि मग ती स्वतःवरच चिडून रडते. हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणतात. गोळी आता मी माझ्या हाताने भरवते.

तिचा फोन माझ्याकडेच असतो. परवा तो वाजला. तिच्या प्रतिक्रियेखाली कुणा मुलाने विचारलं होतं. मी खाटेशी बसून, अक्षरांवर बोट ठेवत, तिला वाचून दाखवलं: 'काकू, माझ्या वडिलांना हीच गोळी आहे. तुमचं वाचून धीर आला. त्यांची पण बंद करू का?'

आईने डाव्या हाताने माझं मनगट गच्च धरलं. मान जोरजोरात नाही, नाही, नाही. आणि तोंडातून, "हौ. हौ. हौ."

"कळलं गं आई, कळलं," म्हणत मी तिच्याच नावाने खाली लिहिलं, चुकतमाकत: 'नका हो बंद करू. मी केली आणि मला लकवा झाला. डॉक्टरांना विचारा.' पाठवल्यावर पडद्यावर आलं, 'आपली प्रतिक्रिया तपासून प्रकाशित केली जाईल.' आभार मानणाऱ्यांना तिथे तपासणी लागत नसावी.

आज सकाळी पुन्हा उघडून पाहिलं. माझं लिहिलेलं कुठेच नाही. आईचे आभार तिथेच आहेत, सगळ्यांत वर, आणि त्याखाली त्या मुलाचं नवं वाक्य: 'उत्तर आलं नाही काकू, पण तुमच्यावर विश्वास आहे. बाबांची गोळी आजपासून बंद केली.'